एचडीआर चालू केलं की स्क्रीन फिकी पडते? दोष सेटिंगचा की मॉनिटरचा, असा ओळखा

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. नवा मॉनिटर घेतला, खोक्यावर ठळक अक्षरांत एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेड आणि काळोख यांतलं अंतर वाढवून दाखवणारं चित्र) लिहिलं होतं, विंडोजमध्ये तो स्विच चालू केला आणि चित्र आधीपेक्षा वाईट झालं. डेस्कटॉप फिका, काळा रंग करडा, माणसांचे चेहरे निस्तेज, आणि वर मॉनिटरचं ब्राइटनेसचं बटणही दाद देईना. मग ड्रायव्हर उडवून पुन्हा टाकणं, केबल बदलून बघणं, शेवटी विंडोजच नव्याने टाकणं असा सगळा खटाटोप होतो आणि फरक शून्य.

या एका लक्षणामागे दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं सेटिंगचं, ते थोड्या वेळात निस्तरतं. दुसरं पॅनेलचं: मॉनिटर एचडीआरचा सिग्नल घेतो खरा, पण तो दाखवायला लागणारा उजेड आणि काळोख त्याच्याकडे नाहीच. त्यावर कुठलंही सेटिंग चालत नाही. स्वस्त मॉनिटरमध्ये बहुतेक वेळा ही दोन्ही दुखणी एकत्र असतात. त्यामुळे सेटिंग नीट केल्यावर चित्र थोडं सुधारतं, आशा वाढते आणि माणूस त्यात आणखी चार रात्री घालवतो. म्हणून क्रम सोडू नका. आधी सेटिंगचा संशय पुरता फेडायचा, मग पॅनेलची परीक्षा घ्यायची.

आधी सेटिंगचा संशय फेडा

सगळ्यात आधी हे बघा की तुम्ही नेमकं काय पाहून "फिकं" म्हणताय. डेस्कटॉप, ब्राउझर, वर्डची फाइल, जुना गेम हे सगळं साधं एसडीआर, म्हणजे एचडीआरच्या आधीचं नेहमीचं चित्र आहे. एचडीआरचा स्विच चालू झाला की विंडोज ते सगळं एचडीआरच्या चौकटीत बसवून पाठवते. मग ते किती उजळ दिसायचं हे मॉनिटरच्या बटणाच्या हातात राहत नाही, विंडोजमधली एक सरकपट्टी ते ठरवते. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले आणि त्यात एचडीआर असं आत गेलात की "एसडीआर कंटेंट ब्राइटनेस" नावाची ती पट्टी दिसेल. बाहेरून जोडलेल्या मॉनिटरवर ही पट्टी ० वर असेल तर पांढऱ्या रंगासाठी ८० निट उजेड मागितला जातो आणि १०० वर असेल तर ४८० निट. निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप, दर चौरस मीटरला एक कँडेला. मधला हिशेब सरळ आहे, पट्टी ३० वर ठेवली की २०० निट. आता मॉनिटरच मुळात ३०० निटचा असेल तर ५५ च्या पुढे पट्टी ढकलून काहीच पदरात पडत नाही, उलट फिकट रंगांमधले तपशील पांढऱ्यात विरून जातात. १५ ते ३० च्या दरम्यान ठेवा आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे थोडं इकडेतिकडे करा.

एवढं करूनही डेस्कटॉपवरचे गडद भाग थोडे उजळलेलेच दिसतील, आणि इथे मॉनिटर निर्दोष आहे. एसडीआर चित्र एचडीआरमध्ये बसवताना विंडोज एसआरजीबी या कॉम्प्युटरच्या नेहमीच्या रंगप्रमाणाची अधिकृत वक्ररेषा वापरते, म्हणजे सिग्नलच्या कोणत्या आकड्याला किती उजेड हे ठरवणारी रेषा. तुमचा मॉनिटर मात्र एसडीआरमध्ये बहुधा गॅमा २.२ या दुसऱ्या रेषेवर चालत असतो. उजळ भागात या दोन रेषा जवळजवळ एकच असतात, पण काळ्याच्या जवळ आल्या की एसआरजीबीची रेषा वर राहते. म्हणून गडद थीम आणि रात्रीच्या आकाशाचा वॉलपेपर पहिल्यांदा बिघडलेला वाटतो. महागड्या ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या) मॉनिटरवरही हे असंच होतं. तेव्हा नुसता डेस्कटॉप बघून मॉनिटरला नावं ठेवू नका.

पुढची जागा म्हणजे सिग्नलची रेंज. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरला ग्राफिक्स कार्ड कधीकधी टीव्ही समजतं आणि मर्यादित रेंज पाठवतं, म्हणजे ८ बिटांच्या भाषेत काळा ० ऐवजी १६ वर आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ वर. मॉनिटरला हे ठाऊक नसेल तर काळा करडा दिसणारच. ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज "फुल" करा, मॉनिटरच्या मेन्यूत "ब्लॅक लेव्हल" किंवा "आरजीबी रेंज" अशा नावाखाली जे असेल ते त्याच्याशी जुळवा. पुष्कळ मॉनिटर एचडीआरसाठीची सेटिंग वेगळी साठवतात, म्हणून हे एचडीआर चालू असतानाच तपासायचं. घोळ उलटा असेल, म्हणजे कार्ड पूर्ण रेंज पाठवतंय आणि मॉनिटर मर्यादित समजतोय, तर चित्र फिकं होत नाही. गडद भागातले तपशील काळ्यात बुडतात. लक्षणावरूनच बाजू कळते.

मॉनिटरच्या मेन्यूत "एचडीआर इफेक्ट" किंवा तशाच नावाचा एखादा पिक्चर मोड असेल तर तो बंद करा. तो साध्या चित्रावर भडकपणा चढवणारा फिल्टर असतो, त्याचा एचडीआर सिग्नलशी संबंध नाही. विंडोजचं नाइट लाइट आणि मॉनिटरचा निळा प्रकाश कमी करणारा मोडही तपासणीपुरते बंद ठेवा.

केबलबद्दल एकदाच सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे वाया जातात. एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट. ४के, ६० हर्ट्झ, १० बिट आणि पूर्ण आरजीबी एवढं सगळं एकदम त्यात मावत नाही, म्हणून विंडोज ८ बिट पाठवून डिदरिंग करते, म्हणजे ठिपक्यांची सरमिसळ करून मधल्या छटा भासवते. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर तसं लिहिलेलं दिसतं आणि लोक हबकतात. बिट कमी पडले तर आकाशाच्या निळ्यात पट्टे दिसू शकतात. चित्र फिकं पडणं हा त्याचा परिणाम नव्हे. केबल खराब असेल तर पडदा क्षणभर काळा होतो, ठिपके चमकतात, सिग्नल तुटतो. रंग धुतले जात नाहीत.

समोरचं चित्र एचडीआर आहे का

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण निम्मी भांडणं इथेच मिटतात. यूट्यूबवर एचडीआर व्हिडिओ लावा, व्हिडिओवर उजवं क्लिक करून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा आणि रंगाची ओळ वाचा. तिथे एसएमपीटीई २०८४ आणि बीटी २०२० असं दिसलं तर एचडीआर येतंय. बीटी ७०९ दिसलं तर तुम्ही साधा व्हिडिओ बघताय, मग शीर्षकात काहीही लिहिलेलं असो. ब्राउझर उघडा असताना एचडीआर चालू केलं असेल तर तो बंद करून पुन्हा उघडा. आणि विंडोज, ऑल्ट आणि बी ही तीन बटणं एकत्र दाबली की एचडीआर चालू-बंद होतं. पुढच्या सगळ्या तपासण्यांत हे लागणार आहे.

विंडोज ११ असेल तर मायक्रोसॉफ्टचं "विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन" हे मोफत अ‍ॅप उतरवून घ्या. त्यात आधी सर्वात गडद दिसणारी छटा, मग छोट्या भागातला कमाल उजेड, मग पूर्ण पडद्याचा कमाल उजेड असे नमुने येतात. पट्टी सरकवायची आणि नमुना पार्श्वभूमीत विरला की थांबायचं. शेवटी अ‍ॅप एक कलर प्रोफाइल बनवून देतं आणि त्यानंतर बऱ्याच गेममध्ये ढग, दिवे, आगीचे लोळ यांतले तपशील परत येतात. मॉनिटर कसाही असो, हे करण्यात तोटा नाही. फक्त एक सावधगिरी. नमुना १००० वर विरला म्हणजे मॉनिटर १००० निटचा आहे असं समजू नका. काही मॉनिटर १००० पर्यंतचा सिग्नल स्वीकारतात आणि आतल्या आत तो आपल्या ३०० निटांत दाबून बसवतात. अ‍ॅपला त्यातलं काही कळत नाही.

तीच गोष्ट विंडोजमधल्या डीएक्सडायग् या तपासणीच्या साधनाची. रन खिडकीतून ते उघडून माहिती मजकुराच्या फाइलमध्ये साठवली की "मॅक्स ल्युमिनन्स" नावाचा एक आकडा सापडतो. तो आकडा मॉनिटरने स्वतःबद्दल ईडीआयडीत, म्हणजे कॉम्प्युटरला दाखवायच्या आपल्या ओळखपत्रात, भरून पाठवलेला असतो, कोणी मोजलेला नसतो. आकडा कमी निघाला तर ती कबुलीच समजा. जास्त निघाला तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

काळोखातली परीक्षा

आता पॅनेलकडे वळू. त्यासाठी मीटर लागत नाही. रात्रीची वेळ, खोलीतले दिवे बंद, आणि डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं. एवढं पुरतं.

पेंटमध्ये पूर्ण काळं चित्र बनवा आणि ते पूर्ण पडद्यावर उघडा. एचडीआर बंद ठेवून मॉनिटरचं ब्राइटनेस आधी २५ वर आणि मग १०० वर नेऊन बघा. काळा किती उजळतो ते नजरेत राहू द्या. आता एचडीआर चालू करा. एचडीआरमधला काळा जर त्या १०० वरच्या काळ्याइतकाच करडा असेल, तर निदान झालं. एचडीआरमध्ये मॉनिटर एवढंच करतो की बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) पूर्ण पेटवतो आणि ब्राइटनेसचं बटण अडवून ठेवतो. तुम्ही रोज २५-३० वर बघत होता म्हणून काळा काळा दिसत होता, आता तोच पडदा १०० वर बघताय.

काही मॉनिटरवर उलट घडतं. पूर्ण काळ्या पडद्यावर बॅकलाइट विझतो आणि काळा चांगलाच गडद दिसतो. मग माउस हलवा. एवढासा बाण आला आणि सगळा पडदा उजळला, तर त्याला ग्लोबल डिमिंग म्हणतात: पूर्ण पडद्यामागे एकच बॅकलाइट, तो एकतर सगळीकडे वर नाहीतर सगळीकडे खाली. सिनेमा संपल्यावरची नामावली हा याचा उत्तम नमुना. काळ्या पडद्यावर खालून पहिलं नाव वर सरकतं तेव्हा पाठीमागचा काळा हळूच करडा होतो, दहा-पंधरा नावं आली की चांगलाच उजळतो आणि शेवटचं नाव वर गेल्यावर सेकंदभराने पुन्हा विझतो. अंधाऱ्या प्रसंगात सबटायटल आलं-गेलं की नटाचा चेहरा उजळतो आणि मावळतो. एकदा हे दिसलं की नंतर दुसरं काही दिसत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे कडेने उजेड देणारं लोकल डिमिंग, म्हणजे पडद्याचे भाग पाडून प्रत्येकाचा उजेड वेगळा कमी-जास्त करणं. याची ओळखही बाणानेच होते. काळ्या पडद्यावर बाण डावीकडून उजवीकडे न्या. त्याच्याबरोबर वरपासून खालपर्यंत एक फिकट उभा पट्टा सरकत गेला तर पडदा ८ किंवा १६ उभ्या भागांत वाटलेला आहे. चंद्र आकाशात आणि त्याच्या खाली समुद्रापर्यंत उजेडाचा खांब, असं चित्र त्यावर दिसतं. कागदावर "लोकल डिमिंग आहे" हे खरं असतं. अशा मॉनिटरवर मी ते डिमिंग बंद करून बघायला सांगतो, बऱ्याच जणांना तसंच बरं वाटतं.

बाणाभोवती फक्त छोटं वलय दिसलं आणि बाकीचा पडदा काळा राहिला, तर मागे शेकडो भागांचा मिनी एलईडी बॅकलाइट आहे. वलयसुद्धा नसेल तर ओएलईडी. हे दोन्ही एचडीआरच्या कामाचे आहेत आणि तुमची तक्रार मग बहुधा सेटिंगमधली आहे, मागे जा.

सेटिंगने का भागत नाही

एचडीआर १० हा एचडीआरचा रुळलेला प्रकार ज्या वक्ररेषेवर चालतो, ती पीक्यू रेषा २०१४ साली एसएमपीटीई या सिनेमा-टीव्ही तंत्रज्ञांच्या संस्थेने एसटी २०८४ या क्रमांकाने प्रमाणित केली. तिचा स्वभाव जुन्या गॅमापेक्षा वेगळा. गॅमामध्ये सिग्नल म्हणतो "कमाल उजेडाच्या अमुक टक्के", मग कमाल किती ते मॉनिटरचं मॉनिटरने बघावं. पीक्यूमध्ये सिग्नल थेट निटांत बोलतो: हा ठिपका १०० निटचा, तो ८०० चा. रेषा १०,००० निटांपर्यंत जाते.

आता आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या बीटी.२४०८ या अहवालातला एक आकडा धरा. एचडीआर चित्रात साधा पांढरा, म्हणजे कागद, पाटी, पडद्यावरची अक्षरं, साधारण २०३ निटवर ठेवावा असं त्यात सुचवलं आहे. त्याच्या वरची जागा कशासाठी? सूर्य, दिवा, पाण्यावरची चकाकी, वीज. एचडीआरची सगळी मौज तिथे आहे. मॉनिटर २५० निटचा असेल तर कागदाचा पांढरा आणि सूर्य यांत जेमतेम सव्वा पटीचं अंतर उरतं. ४०० निटला दुप्पट, १००० निटला जवळपास पाचपट. २५० निटच्या पडद्यावर मॉनिटरपुढे दोनच वाटा असतात. एक तर २५० च्या वरचं सगळं सपाट पांढरं करून टाकायचं, ढगांचा कापूस होऊ द्यायचा. नाहीतर सगळं चित्र खाली दाबून सूर्यासाठी जागा काढायची, म्हणजे चेहरे आणि भिंती मलूल होणार. तुम्हाला जे "फिकं" वाटतं ते बहुतेकदा या दुसऱ्या वाटेचं फळ.

खालच्या बाजूचा हिशेब तर याहून वाईट. साध्या आयपीएस पॅनेलचा (एलसीडीचा एक प्रकार) कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं गुणोत्तर, साधारण १०००:१ असतो. पांढरा १०० निट ठेवला तर काळा ०.१ निट. बॅकलाइट वाढवून पांढरा ४०० केला की काळा ०.४. गुणोत्तर तेच राहिलं, फक्त सगळं चित्र चौपट वर उचललं गेलं. म्हणजे "डायनॅमिक रेंज" तसूभरही वाढली नाही, नुसता उजेड वाढला. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलला साधारण ३०००:१ मिळतो, त्यामुळे त्यावर काळा तुलनेने बरा राहतो. म्हणूनच लोकल डिमिंग नसलेल्या स्वस्त मॉनिटरमध्ये मी एचडीआरच्या शिक्क्यापेक्षा पॅनेल व्हीए आहे की आयपीएस, हे आधी विचारतो. कोनातून बघितल्यावर बदलणारे रंग आणि हलत्या चित्रात गडद छटांची ओघळ हे व्हीएचे तोटे आहेतच, तो वेगळा विषय.

खोक्यावर काय लिहितात आणि त्याचा अर्थ काय

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा सगळा मामला. गंमत अशी की यातली बरीचशी विधानं खोटी नसतात.

"एचडीआर १० सपोर्ट" म्हणजे मॉनिटर एचडीआर १० चा सिग्नल समजतो. बस. किती उजळ, किती काळा, किती रंग, यातलं काहीही त्यात येत नाही. २५० निटचा, लोकल डिमिंग नसलेला, साध्या एसआरजीबी रंगांचा पडदासुद्धा हे खरेपणाने लिहू शकतो. "एचडीआर रेडी" आणि "एचडीआर कम्पॅटिबल" यांची मजल तेवढीच.

"डिस्प्लेएचडीआर" हे मात्र व्हेसा या संस्थेचं प्रमाणपत्र आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ते ४००, ६०० आणि १००० अशा पायऱ्यांनी सुरू झालं. आकडा म्हणजे कमाल उजेड, निटांत. सगळी गडबड ४०० च्या पायरीने केली. पहिल्या आवृत्तीत त्या पायरीला लोकल डिमिंगची अट नव्हती, ८ बिट चालत होते, रंगही एसआरजीबीच्या ९५ टक्के असले तरी पुरत होतं, आणि काळ्याची मर्यादा होती ०.४ निट. वरचा हिशेब आठवा: १०००:१ चं साधं आयपीएस पॅनेल ४०० निटपर्यंत पेटवलं की काळा नेमका तिथेच येतो. म्हणजे बॅकलाइट थोडा दणकट बसवला की रोजचाच मॉनिटर प्रमाणित एचडीआर झाला. मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या १.२ आवृत्तीत अटी बऱ्याच आवळल्या. आता ४०० ला सुद्धा डीसीआय-पी३ या एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगपट्ट्याचे ९० टक्के आणि १० बिटांची प्रक्रिया लागते, कॉन्ट्रास्टची चाचणीही कडक झाली. पण बाजारात जुन्या आवृत्तीवर पास झालेले मॉनिटर आहेतच आणि लोगोवर आवृत्ती मोठ्या अक्षरांत कोणी छापत नाही.

याच्याही खालची पायरी म्हणजे नुसतं "एचडीआर४००" किंवा "एचडीआर ६००". "डिस्प्ले" हा भाग गायब. अशा नावाची पायरी व्हेसाकडे नाही. मॉनिटर चाचणीला गेलेला नसताना गेल्यासारखं दिसावं, एवढाच त्याचा उपयोग. पडताळणी सोपी आहे: व्हेसाच्या डिस्प्लेएचडीआर डॉट ऑर्ग या साइटवर प्रमाणित मॉडेलांची यादी आहे, तिथे पूर्ण मॉडेल क्रमांक शोधा. एका अक्षराचा फरक असला तरी मॉनिटर वेगळा समजायचा, कारण एकाच नावाच्या मालिकेत एक मॉडेल प्रमाणित आणि बाकीची उधारीच्या अब्रूवर, असं सर्रास असतं.

आणि "ट्रू ब्लॅक ४००" दिसलं तर त्याला या ४०० च्या पंक्तीत बसवू नका. ती ओएलईडीसाठीची वेगळी पायरी आहे आणि तिथे काळ्याची मर्यादा ०.०००५ निट आहे. ०.४ ला ०.०००५ ने भागून बघा, ८०० पट. दोन्ही शिक्क्यांवर ४०० च लिहिलेलं.

"१०७ कोटी रंग" म्हणजे १० बिट, पण ते पॅनेल खरंच १० बिटांचं असेल किंवा ८ बिटांवर एफआरसीची, म्हणजे दोन छटा भराभर आलटूनपालटून मधली छटा भासवण्याची, कसरत असेल. ही कसरत व्यवहारात चांगली चालते, त्यावरून मॉनिटर नाकारू नका. "डायनॅमिक कॉन्ट्रास्ट" पुढे लाखांत किंवा कोटींत आकडा असेल तर तो वाचूच नका. बॅकलाइट पूर्ण पेटवून पांढरा मोजायचा, मग बॅकलाइट विझवून काळा मोजायचा आणि दोन्हींचा भागाकार करायचा, अशी ती पद्धत. शेजारी बारीक अक्षरांत "स्टॅटिक" किंवा "टिपिकल" कॉन्ट्रास्ट असतो, तो खरा.

पॅनेलच कमी पडत असेल तर

एचडीआर बंद करा. विंडोजमध्ये कायमचं बंद. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. चांगल्या एसडीआर चित्राची बांधणीच १०० निटच्या संदर्भाने झालेली असते आणि २५०-३०० निटचा मॉनिटर ते आरामात, खोल काळ्यासकट दाखवतो. बंद केल्यावर मॉनिटरच्या मेन्यूतली ब्राइटनेस आणि गॅमाची बटणं परत मिळतात, ती आता हवी तशी लावा.

एचडीआरमधल्या सिनेमाच्या फाइली असतील तर त्या एसडीआरवरही बघता येतात, फक्त प्लेअरने टोन मॅपिंग, म्हणजे जास्तीचा उजेड पडद्याच्या आवाक्यात बसवणं, नीट करायला हवं. एमपीव्ही ते फार चांगलं करतं. व्हीएलसीही करतं, थोडं ढोबळ. मॉनिटरच्या आतल्या चिपपेक्षा कॉम्प्युटरवरचं टोन मॅपिंग हमखास सरस ठरतं, म्हणून कमकुवत पडद्यावर एचडीआर बंद ठेवून एमपीव्हीत बघितलेला सिनेमा एचडीआर चालू ठेवून बघितलेल्यापेक्षा चांगला दिसतो. पटत नसेल तर एकच प्रसंग दोन्ही रीतींनी लावून बघा.

गेममध्येही तेच. एसडीआर निवडा. अपवाद एवढाच की काही गेममध्ये एचडीआरचा कमाल उजेड आणि कागदी पांढरा हे दोन्ही वेगवेगळे लावता येतात. तिथे कमाल तुमच्या मॉनिटरच्या खऱ्या आकड्याला आणि पांढरा १२० ते १५० च्या आसपास ठेवला तर ४०० निटच्या व्हीए पॅनेलवर कधीकधी देखणं चित्र मिळतं. विंडोजचं ऑटो एचडीआर मात्र असल्या मॉनिटरवर बंदच ठेवा. जुन्या गेमला ताणून वरचा उजेड काढायचा आणि तो दाखवायला पडद्यावर जागाच नाही, असा प्रकार होतो. कन्सोल जोडला असेल तर तो एचडीआर दिसताच आपणहून चालू करतो, त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं.

अधूनमधून कोणी सांगतं की सॅच्युरेशन वाढवा, म्हणजे रंग परत येतील. येतात, पण चेहरे टोमॅटोसारखे होतात आणि काळा करड्याचा करडाच राहतो. त्या वाटेला जाऊ नका.

परत करायचा असेल तर

परतीची मुदत शिल्लक असेल तर खोक्याचा, विक्रीच्या पानाचा आणि मॉनिटरवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. खोक्यावर किंवा पानावर "डिस्प्लेएचडीआर" लिहिलं असेल आणि तो मॉडेल क्रमांक व्हेसाच्या यादीत नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. जे प्रमाणपत्र नाही ते आहे म्हणून सांगितलं, एवढं एकच वाक्य लिहा आणि यादीच्या शोधाचा फोटो जोडा. माहितीत ४०० निट लिहिलं असेल आणि एखाद्या विश्वासू चाचणीत, उदाहरणार्थ आरटिंग्ज किंवा टीएफटी सेंट्रल या मॉनिटर तपासणाऱ्या साइटने त्याच मॉडेलचा उजेड मोजून कमी सांगितला असेल, तर तोही पुरावा चालतो.

"एचडीआर १० सपोर्ट" एवढंच लिहिलेलं असेल तर मात्र दिशाभूल झाली असं म्हणून वाद घालू नका, तो शब्दशः खरा आहे आणि विक्रेता त्यालाच चिकटून बसेल. अशा वेळी एचडीआरचं नाव न काढता परतीची साधी वाट धरा. काळोखातल्या तपासणीत कोपऱ्यांतून उजेड गळताना दिसला असेल, पडदा सगळीकडे सारखा नसेल, तर ते कारण लिहा आणि काळ्या पडद्याचा फोटो जोडा. फोटो काढताना मोबाइलचं एक्स्पोजर हाताने लॉक करा, नाहीतर फोन स्वतःच चित्र उजळवतो आणि समोरचा म्हणतो, हा तर कॅमेऱ्याचा दोष.